वेब-विनंतीचा निष्क्रिय ठसा

ब्राउझर किंवा ॲप सर्व्हरकडे विनंती पाठवते तेव्हा तिच्यासोबत आपोआप जाणाऱ्या खुणा जुळवून पाठवणारे उपकरण ओळखण्याची पद्धत. संगणकक्षेत्रात ती ‘पॅसिव्ह फिंगरप्रिंटिंग’ या नावाने रूढ आहे. सक्रिय पद्धतीत फोनवर कोड चालवून फाँट, पडद्याचा आकार, चित्र रेखाटण्याची तऱ्हा तपासली जाते. तो कोड शोधता येतो, अडवताही येतो. निष्क्रिय पद्धतीत आलेली विनंती नुसती वाचली जाते. वापरणाऱ्याच्या फोनवर तिचा काहीच माग उरत नाही, म्हणून ती अधिक काळजीची.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये सुमारे ४,७०,००० ब्राउझरांची नोंद तपासली, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. त्या पाहणीत दोन्ही प्रकारच्या खुणा होत्या. निव्वळ निष्क्रिय खुणांमध्ये ब्राउझरचे नाव व आवृत्ती सांगणारा युजर-एजंट, पसंतीच्या भाषा, हेडरांचा म्हणजे विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळींचा क्रम आणि आयपी पत्ता येतो. सुरक्षित जोडणी सुरू होताना टीएलएसचा पहिला संदेश जातो, त्याची घडणही त्यातच मोडते. या घडणीवरून ओळख पटवणारी जेए-३ ही रीत सेल्सफोर्समधील अभियंत्यांनी २०१७ मध्ये मांडली. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने त्या संदेशातील विस्तारांचा क्रम दर जोडणीला बदलायला घेतला आणि जेए-३ निकामी होऊ लागली. त्याच वर्षी आलेल्या जेए-४ ने विस्तार आधी क्रमाने लावून घेत तो अडथळा ओलांडला.

ब्राउझरात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीला टीएलएसच्या संदेशाला हात लावता येत नाही. तिच्या हाती मुख्यतः उरतात तीन गोष्टी : स्वतः जोडलेले हेडर, यूआरएलमधील मजकूर आणि विनंतीची वेळ. पण या तिन्हींची जबाबदारी पूर्णपणे तिचीच असते. अनेक लायब्रऱ्या आपले नाव आणि आवृत्ती सांगणारा हेडर जोडतात. सुपाबेसचा ‘एक्स-क्लायंट-इन्फो’ हा त्यातलाच. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘नोड’साठीची ओपनएआयची लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसरचा प्रकार आणि नोडची आवृत्तीही कळवते. कोणती आवृत्ती कुठे बिघडते हे निर्मात्यांना त्यावरून समजते, आणि ही गरज खरी आहे. तरी मुख्य आवृत्तीचा एक आकडा बहुतेक वेळा पुरतो, आणि हेडर बंद करण्याची सोय तर हवीच. अनावश्यक बारीक तपशील युजर-एजंटमध्ये देऊ नये, असे २०२२ चे आरएफसी ९११० हे मानकही सांगते. शिवाय दुसऱ्या डोमेनकडे असा खास हेडर पाठवायचा तर ब्राउझर आधी परवानगीची वेगळी विनंती करतो. मोबाइलची रेंज कमी असेल तिथे ती जादा फेरी जाणवते.

रायगड किनाऱ्यावर हा प्रश्न ठोस होतो. समजा, रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या बोटींवर वारा आणि भरती-ओहोटी दाखवणारे एखादे वेब-ॲप वापरात आहे. मोबाइल कंपन्या आयपीव्ही-४ चा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे त्या पत्त्यावरून माणूस सहसा वेगळा काढता येत नाही. पण फोन मराठीत ठेवला असेल तर भाषेच्या हेडरमध्ये ‘एमआर-आयएन’ जाते. जगभरच्या विनंत्यांत हा गट लहान, आणि त्यात ब्राउझरची जुनी आवृत्ती व लायब्ररीची नेमकी आवृत्ती मिळाली की तो आणखी आक्रसतो. आपल्या भाषेत फोन वापरणारा माणूस त्यामुळेच अधिक ओळखू यावा, हे अन्यायाचे आहे. वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची हे आकडेच असतात. ते मागताना भाषा कळवण्याचे कारण नाही. लायब्ररीने त्या विनंतीपुरता भाषेचा हेडर ‘*’ असा ठेवावा आणि मराठी शब्द फोनवरच जोडावेत. सगळे वापरणारे मग निदान या एका खुणेत सारखे दिसतात.

अंदाज मागताना यूआरएलमधून जाणारे अक्षांश-रेखांश त्याहून नाजूक. पाच दशांश स्थळे म्हणजे साधारण एक मीटर, दोन म्हणजे साधारण एक किलोमीटर. मासळी कुठे लागते ही तांडेलाची कमाईची माहिती असते, आणि हवामानाचे अंदाज काही किलोमीटरांच्या चौकटींत निघतात. तेव्हा पाच स्थळे पाठवून अंदाज सुधारत नाही, जागा मात्र उघडी पडते. बोटीची जागा ट्रान्सपाँडर या यंत्रातूनही कळते; केंद्र सरकारच्या मत्स्यनौकांसाठीच्या त्या योजनेचा शुभारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. तिथे यंत्र बोटीवर डोळ्यांसमोर बसते आणि ते कशासाठी आहे हे नाखव्याला ठाऊक असते. यूआरएलमधून जाणाऱ्या जागेबाबत तसे नसते.

वेळही बोलते. ठरलेल्या अंतराने येणाऱ्या विनंत्या १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत थांबल्या आणि १ ऑगस्टला पुन्हा सुरू झाल्या, तर वापरणाऱ्याचा धंदा वेगळा विचारावा लागत नाही. भरती-ओहोटीची गणिते आगाऊ मांडलेली असतात. बंदराचा महिन्याचा तक्ता एकदाच आणून फोनमध्ये ठेवला की रोजची विनंतीच उरत नाही. ठसा टाळण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

बाकीची काळजी थोडक्यात सांगता येते. ब्राउझरातून विनंती पाठवणाऱ्या ‘फेच’ या सुविधेत रेफरर, म्हणजे विनंती कोणत्या पानावरून निघाली ते सांगणारा हेडर, बंद करावा. लॉगिनची गरज नसेल तर ‘क्रेडेन्शियल्स’ला ‘ऑमिट’ द्यावे, म्हणजे कुकी जात नाहीत. विनंतीगणिक वेगळा क्रमांक हवा असल्यास तो यादृच्छिक असावा, फोनवर साठवलेला कायमचा नको. खोटा वेश मात्र घेऊ नये. नोडमधून विनंती पाठवून हेडरात क्रोमचे नाव घातले तर टीएलएसचा संदेश नोडचाच राहतो, आणि न जुळणारी ही जोडी साध्या नोडपेक्षा दुर्मीळ ठरते.

तपासणी कोणत्याही विकासकाला करता येते. स्वतःच्या सर्व्हरवर एक विनंती लायब्ररीतून आणि एक साध्या फेचमधून पाठवून दोन्हींचे कच्चे हेडर शेजारी ठेवावेत. जो फरक दिसेल तो लायब्ररीने घातलेला. त्यातली प्रत्येक ओळ कोणत्या कामाची, हे दस्तऐवजात लिहिता आले पाहिजे. लिहिता येत नसेल तर ती ओळ काढावी.