पितळेवरचा पत्ता

जुनं ट्रम्पेट हातात आलं की बहुतेक जण आधी कंपनीचं नाव शोधतात. मी पत्ता शोधतो. ट्रम्पेटच्या पसरट तोंडाला वादक ‘बेल’ म्हणतात. या बेलवर कंपनीच्या नावाखाली, कधी वळणदार कोरीव अक्षरांत तर कधी नुसत्या ठशाने, गावाचं नाव असतं. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, माउंट व्हर्नन, एल्कहार्ट, लॉस एंजलिस, फुलर्टन. पुष्कळदा नाव तेच राहतं आणि गाव बदलतं. त्या एका शब्दावरून वाद्याचा जन्मकाळ कळतो, आणि किंमतही बरीचशी तिथेच ठरते.

हा पत्ता पितळेवर आला कसा, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. आपल्या तुतारीला एकही कळ नसते. ओठांचा ताण आणि फुंकीचा जोर बदलून जे मोजके स्वर निघतील तेवढेच तिचे. युरोपातलं ट्रम्पेटही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत असंच होतं. व्हिएन्नाच्या अँटन वायडिंगरने नळीला भोकं पाडून त्यांवर चाव्या बसवल्या, आणि त्याच्यासाठी जोसेफ हायडनने १७९६ साली कॉन्चेर्तो लिहिला. पण भोक उघडलं की आवाजाची धार जाई. ती वाट फार दूर गेली नाही. खरा बदल १८१८ साली झाला. त्या वर्षी हाइनरिख श्टोल्त्सेल आणि फ्रिडरिख ब्ल्यूमेल या दोघांनी बर्लिनमध्ये वॉल्व्हचं पेटंट घेतलं. नळी लांब झाली की स्वर उतरतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. कळ दाबली की हवा जादा नळीच्या वळशातून फिरून येते आणि मधले हरवलेले स्वर हाती लागतात. पॅरिसच्या फ्राँस्वा पेरिनेने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पिस्टनची रचना सुधारली. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेटवर जे तीन पिस्टन वरखाली होताना दिसतात ते त्याच्याच आराखड्यातले.

वॉल्व्ह आला आणि ट्रम्पेट हे एक यंत्र झालं. यंत्र म्हटलं की पेटंट आलं, नक्कल आली, कोर्टकचेरी आली. कारागिराला आपली खूण वाद्यावर उमटवणं भाग पडलं, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर सतत राहणारी जागा म्हणजे बेल. खूण तिथेच बसली.

बेलवर नाव कोरणाऱ्या घराण्यांचा मूळपुरुष कोण असं विचारलं तर मी ग्युस्ताव्ह बेसाँचं नाव घेईन. पॅरिसमध्ये त्याने तरुण वयात कारखाना काढला. पुढे सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ साक्स याच्याशी पेटंटवरून खटले झाले आणि १८५० च्या दशकात बेसाँ लंडनला गेला. पॅरिसचा कारखाना त्याची पत्नी फ्लोरेंतीन हिच्या नावावर चालू राहिला. फ्रेंच बेसाँच्या बेलवर ‘एफ. बेसाँ’ असं जे कोरलेलं असतं, त्यातला एफ तिचा. ट्रम्पेटच्या इतिहासात बायकांची नावं शोधावी लागतात. हे मात्र हजारो बेलांवर कोरलेलं आहे, आणि ते फार थोड्यांना वाचता येतं याचं मला वाईट वाटतं.

लंडनच्या बेसाँवर ‘प्रोटोटाइप’ असा शब्द दिसतो. नवख्याला वाटतं की हा पहिला नमुना आहे, म्हणजे अनमोल असणार. तसं नाही. बेसाँने वाद्याच्या प्रत्येक भागासाठी पोलादी गाभे तयार केले होते. पितळेचा पत्रा त्यांच्यावर ठोकून, ओढून आकार दिला की एका मापाचं वाद्य पुन्हा पुन्हा तसंच बनवता येई. त्या पद्धतीचं हे नाव, आणि ते कारखान्यातल्या असंख्य वाद्यांवर आहे. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन उमजेल. ठोक्यांनी धातू नुसता वाकत नाही, तो कडकही होतो. बेलचा आवाज त्या कडकपणावर आणि पत्र्याच्या जाडीवर पुष्कळ अवलंबून असतो.

फ्रेंच बेसाँचं माप पुढे अमेरिकेत गेलं. नेणाऱ्यांतलं सर्वांत मोठं नाव व्हिन्सेंट बाख. जन्म १८९० चा, व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावचा. मूळ नाव व्हिन्झेन्झ श्रोटेनबाख. शिकला इंजिनिअरिंग, वाजवायचा ट्रम्पेट, आणि १९१४ साली न्यूयॉर्कला पोचला. दुरुस्तीला दिलेलं त्याचं माउथपीस, म्हणजे ओठ टेकवायची वाटी, कारागिराने बिघडवलं, तेव्हा १९१८ साली लेथ घेऊन तो स्वतःच माउथपीस कातू लागला. १९२० च्या दशकात ट्रम्पेट बनवायला सुरुवात झाली. उत्तम मॉडेलला त्याने ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ असं नाव दिलं. क्रेमोनाचा स्ट्राडिव्हारी आपल्या व्हायोलिनच्या पोटात ‘फासिएबात आनो’ अशी लॅटिन चिठ्ठी लावी, म्हणजे ‘अमुक वर्षी घडवलं’. तेच शब्द बाखने बेलवर कोरले. इंजिनिअर माणसाने व्हायोलिनवाल्यांची लॅटिन उसनी घ्यावी, यात त्याची महत्त्वाकांक्षा पुरती दिसते.

आता पत्ता. १९२८ साली बाखचा कारखाना न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला. त्या काळच्या बेलवर न्यूयॉर्क असतं. १९५३ साली तो शहराबाहेर माउंट व्हर्ननला हलला. १९६१ साली सत्तरीतल्या बाखने कंपनी सेल्मर या वाद्यकंपनीला विकली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात सगळं उत्पादन इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला गेलं. नाव तेच, पण ‘माउंट व्हर्नन’ लिहिलेल्या बाखसाठी लोक जास्त पैसे मोजतात. त्या पत्त्याच्या साध्या माउथपीसलाही मागणी आहे. माझं मत विचाराल तर एकाच वर्षीच्या दोन वाद्यांत जेवढा फरक सापडतो तेवढा कधी कधी दोन गावांत सापडत नाही. बाजार मात्र पत्त्याचे पैसे देतो. म्हणून घेणाऱ्याने पत्ता वाचावा आणि मग वाजवून पाहावं. क्रम हाच, पण दुसरी पायरी चुकवू नये.

हीच रीत इतर घराण्यांना लागू पडते. ऑल्ड्स कंपनीच्या ट्रम्पेटवर लॉस एंजलिस असेल तर ते साधारण १९५० च्या दशकाच्या मध्याआधीचं, फुलर्टन असेल तर त्यानंतरचं. १९७९ साली तो कारखाना बंद झाला. त्यांचं ‘अँबॅसडर’ हे विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल अफाट संख्येने निघालं. त्यामुळे ते आजही शेकडो डॉलरांतच मिळतं, आणि तेवढ्या पैशांत त्याच्याइतकं दणकट वाद्य दुसरं मला माहीत नाही. चांगल्या अवस्थेतलं माउंट व्हर्नन बाख हजारोंत जातं. बेंज हे नाव दिसलं तर शिकागो आणि बरबँक यांतला फरक पाहावा. एल्डन बेंजही फ्रेंच बेसाँच्याच मापावर उभा राहिलेला.

एल्कहार्ट हे गाव इतक्या बेलांवर का दिसतं, तेही सांगायला हवं. चार्ल्स जेरार्ड कॉनने १८७० च्या दशकात तिथे रबराच्या कडेची माउथपीस बनवायला सुरुवात केली. पुढे तो गावचा महापौर झाला, अमेरिकी काँग्रेसमध्येही गेला. त्याचा कारखाना १८८३ साली जळला, १९१० साली पुन्हा जळला, आणि दोन्ही वेळा उभा राहिला. आजूबाजूला इतर कंपन्या निघत गेल्या. त्यांतलीच एक मार्टिन. तिचं ‘कमिटी’ हे मॉडेल माइल्स डेव्हिस, चेट बेकर आणि डिझी गिलेस्पी या जॅझ वादकांच्या हाती होतं.

पत्ता पुसट असेल तर दुसऱ्या खुणा बोलतात. मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर बहुधा क्रमांक असतो. मोठ्या कंपन्यांच्या क्रमांकावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं, त्यामुळे परदेशात विकल्या जाणाऱ्या वाद्यांवर देश उमटू लागले. ‘चेकोस्लोव्हाकिया’ दिसलं तर ते १९१८ च्या आधीचं असू शकत नाही. ‘वेस्ट जर्मनी’ दिसलं तर १९४९ ते १९९० यांच्या मधलं. जुन्या फ्रेंच आणि इंग्रजी वाद्यांवर प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची वर्षं कोरलेली असतात. त्यांतलं शेवटचं वर्ष धरावं, वाद्य त्यानंतरचं. आणि ज्या बेलवर फक्त एखाद्या दुकानाचं नाव आहे ते वाद्य बहुधा दुसऱ्याच कारखान्यातलं असतं. दुकानदार आपलं नाव कोरून घेत. अशा वाद्याला नावाची किंमत नसते, पण कधी कधी आत नामांकित कारखान्याचं काम असतं. ते पिस्टनची ठेवण आणि नळ्यांची वळणं पाहून ओळखावं लागतं.

एका खुणेकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. शंभर वर्षांपूर्वी सगळ्यांचा सूर एक नव्हता. आज ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात आणि १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो ठरवला. त्याआधी इंग्लंडमध्ये ४५२ च्या आसपासचा चढा सूर रुळलेला होता, अमेरिकेत ४५७ पर्यंतचा. इंग्लंडच्या ब्रास बँडांनी तो चढा सूर १९६० च्या दशकापर्यंत सोडला नाही. म्हणून अमेरिकी वाद्यांवर ‘एल पी’ म्हणजे उतरा सूर आणि ‘एच पी’ म्हणजे चढा सूर असे ठसे सापडतात. चढ्या सुराचं वाद्य हार्मोनियम किंवा की-बोर्डच्या शेजारी बसवलं की बेसूर लागतं. मुख्य स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता भाग, बाहेर ओढून सूर खाली आणता येतो, पण मग तिन्ही पिस्टनच्या नळ्या त्या मानाने आखूड पडतात आणि प्रत्येक स्वर वेगळा चुकतो. वाजवायला वाद्य हवं असेल तर चढ्या सुराचं घेऊ नये. कितीही देखणं असलं तरी घेऊ नये.

आता प्रकृती पाहायची. पिवळं पितळ म्हणजे सुमारे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. फुंकीतल्या ओलाव्याने जस्त झिजून जातं आणि तांबं मागे उरतं. माउथपीसच्या लगतची नळी, तिला ‘लीडपाइप’ म्हणतात, हा त्रास सर्वांत आधी सोसते. तिच्यावर गुलाबी ठिपके आणि त्यांच्या मध्यभागी काळसर टिंब दिसलं तर नळी आतून सडत आली आहे असं समजावं. ती बदलता येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. पिस्टनची परीक्षा सोपी आहे. कळ न दाबता दुसऱ्या पिस्टनची छोटी स्लाइड झटक्यात ओढावी. ‘पॉक’ असा आवाज आला तर पिस्टन आणि नळकांडं यांचा मेळ घट्ट आहे. नुसती हवा सुटली तर झीज झाली आहे, आणि तिचा खर्च पुष्कळदा वाद्याच्या किमतीवर जातो. बेलवरचे साधे पोचे काढता येतात, त्यांना घाबरू नये. कोरीव अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र सावध व्हावं. कुणीतरी मशीनवर घासून नवा लॅकर चढवला आहे, आणि अक्षरांबरोबर पत्राही पातळ झाला आहे.

मालकाच्या नावाने किंमत कुठवर जाते, याची दोन उदाहरणं देतो. १९५३ साली न्यूयॉर्कच्या एका पार्टीत गिलेस्पीच्या ट्रम्पेटवर कुणी पडलं आणि बेल वर वाकली. तसाच आवाज त्याला आवडला, आणि पुढे त्याने मुद्दाम वर वळलेल्या बेलची वाद्यं करून घेतली. त्याचं एक मार्टिन कमिटी १९९५ साली क्रिस्टीजच्या लिलावात ६३,००० डॉलरला गेलं. माइल्स डेव्हिसचं चंद्र-ताऱ्यांची नक्षी असलेलं मार्टिन २०१९ साली तिथेच २,७५,००० डॉलरला विकलं गेलं.

आपल्याकडे हे सगळं लागू होतं, कारण आपल्याकडे ही वाद्यं आहेत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी कित्येक पिढ्यांना नोटेशन शिकवलं. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात क्रिकेट स्मिथसारखा अमेरिकी ट्रम्पेटवादक वाजवत होता, आणि फ्रँक फर्नांडसारख्या गोव्याच्या वादकाने त्याच्याकडून शिकून घेतलं. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले. हातातलं वाद्य सुटलं तर दुसरं मिळणं अवघड होतं. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं आणि सुटे भाग बनत. माझ्या पाहण्यात आलेल्या जुन्या ट्रम्पेटांत म्हणूनच जोडजमव फार दिसते. बेल लंडनची, पिस्टन कुठला तरी, माउथपीस तिसरंच. अमेरिकी संग्राहक अशा वाद्याला नाक मुरडेल. मी मुरडणार नाही. ज्याने ते तीस वर्षं बोलतं ठेवलं त्याची कामगिरी त्यात दिसते. विकताना मात्र जोडजमव लपवू नये.

घरात, पोटमाळ्यावर किंवा गावच्या ट्रंकेत असं वाद्य असेल तर एक ऐका. चिंच, लिंबू-मीठ, पितळेची पावडर, काहीही लावू नका. आधी बेलवरची अक्षरं आणि मधल्या पिस्टनवरचा क्रमांक उजेडात तिरका धरून वाचा, फोटो काढा. पेटीच्या अस्तराखाली हात घालून पाहा. जुनं बिल, कार्यक्रमाचं पत्रक, बँडचा फोटो सापडला तर वाद्याबरोबरच ठेवा. आणि ते कोण वाजवायचं, कुठे वाजवायचं, हे सांगणारं माणूस घरात अजून असेल तर आजच त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या.