चिखलदरा येथील बागांच्या कडा

वऱ्हाडच्या इतिहासाचा अभ्यासक गाविलगडापाशी थांबतो तो सामान्यतः १५ डिसेंबर १८०३ या दिवशी. आर्थर वेलस्ली याच्या फौजेने त्या दिवशी किल्ला घेतला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. किल्ल्यालगतच्या पठारावर पुढे जे घडले, ते युद्ध नसून बागकाम असल्यामुळे, इतिहासग्रंथांत त्यास फारसे स्थान मिळत नाही. तथापि परक्या वस्तीने आपल्या अंगणाची कड कशी आखली व ती कोणाच्या श्रमाने राखली गेली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

हैदराबाद कंटिंजंटमधील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा ‘शोध’ लावला, असे सांगितले जाते. हा शब्द सैलपणे वापरलेला आहे. कोरकू व गवळी यांचा येथील वावर फार पूर्वीचा असून, गाविलगड हे नावच गवळ्यांवरून आले असे मानतात. सुमारे ३,६६४ फूट उंचीच्या या पठारावर वऱ्हाडातील गोरे अधिकारी उन्हाळ्यात येऊन राहू लागले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर ही ये-जा साहजिकच वाढली. गॅझेटियरकारांनी येथील गुलाब, नेचे, लिली, आमरी यांची आवर्जून नोंद केली आहे. येथील कॉफीचीही त्यांनी प्रशंसा केली असून ती आजही होते.

नवशिक्या साहेबास मार्गदर्शन करणारी पुस्तके त्या काळी होती. फर्मिंजर या पाद्र्याचे बागकामावरील पुस्तक १८६० नंतरच्या दशकात बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी निघाले. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील वुड्रो यांनीही या विषयावर लिहिले. आश्विनात बी पेरावे, थंडीत कडेचे ताटवे फुलवावेत, उन्हाळ्यात जमीन मोकळी ठेवावी, हे मैदानी बागेचे वेळापत्रक होय. चिखलदऱ्यास ते उलटे पडे. बंगल्याचा मालक येई तो हंगामी फुले संपल्यावर, चैत्र-वैशाखात. थंडीत फुललेला ताटवा पाहावयास तो तेथे नसे. म्हणून बहुवर्षायू झुडपे, गुलाब आणि कंद यांवर भिस्त ठेवणे क्रमप्राप्त होते. मुसळधार पावसात उतारावरील माती वाहून जाऊ नये म्हणून कडेला दगड बसविणे, पावसाळा सरताच ते पुन्हा नीट करणे, तणाला बी धरण्यापूर्वी खुरपणी करणे, ही कामे मालकाच्या गैरहजेरीतच होत. अर्थात बाग खऱ्या अर्थाने शिकला तो माळी. नवशिका राहिला तो साहेब. वर्णनांत मात्र फुलांची गणना आहे, माळ्याची नाही.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. त्या प्रांताची उन्हाळी राजधानी पचमढी होती. चिखलदऱ्याचे महत्त्व उणावण्यास हे एक कारण घडले, असे म्हणावयास हरकत नाही. राजकीय फेरबदलाचा परिणाम कुंपणापर्यंत पोहोचतो तो असा, कारण राबता कमी झाला की पहिली हयगय कडेची होते.

आणि कड मोकळी सुटली तर काय होते, याचे ठळक उदाहरण घाणेरी हे आहे. टणटणी या नावानेही ओळखले जाणारे हे अमेरिकी झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आले व शोभेसाठी आणि कुंपणासाठी देशभर लावले गेले. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. कुंपणास हवा असलेला गुण तोच. पक्षी मात्र फळे खातात व बी दूरवर टाकतात. आज मेळघाटच्या जंगलातही घाणेरीची दाट जाळी आढळतात. त्यांखाली गवत वाढत नाही. १९७३-७४ मध्ये स्थापन झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील सांबरांना जसे हे जाचक, तसेच आसपासच्या गावांतील गुरांनाही. ज्यांनी हे कुंपण कधी लावले नाही, त्यांच्या चाऱ्यावर ते येऊन बसले आहे.

वरून छाटल्यास घाणेरी अधिक फुटते, हे नवशिक्यास लवकरच कळते. मातीखाली दोन-तीन बोटांवर मूळ तोडून झुडूप उपटावे लागते. उपटलेले झाड तेथेच उलटे करून ठेवतात, म्हणजे मुळांना माती लागत नाही. आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढील पावसाळ्यांत उगवणारी रोपे पुन्हा पुन्हा शोधून काढावी लागतात.