सुट्या पैशांतली शिवराई

शिवछत्रपतींची दोन नाणी आपण ऐकून असतो, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आज फार थोडे उरले आहेत आणि त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. शिवराई हजारोंनी मिळते, आणि बहुधा म्हणूनच ती दुर्लक्षित राहिली. मला मात्र मराठी राज्यातल्या रोजच्या व्यवहाराची साक्षीदार तीच वाटते. मीठमिरची होनावर कोण घेणार?

एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, एवढाच तिच्यावरचा मजकूर. साल नाही, टांकसाळीचे नाव नाही. महाराजांच्या पश्चात पेशवाईतही त्यांच्याच नावाने शिवराया पाडल्या जात होत्या. अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ ही त्या उत्तरकाळातली. १८१८ साली पेशवाई बुडाली, १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखे नाणे सुरू केले, तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराई गावच्या वाण्याच्या गल्ल्यात पडतच होती.

तिथेच ती रेव्हरंड जस्टिन ॲबट यांना सापडली. हे अमेरिकन मिशनरी. बहिणाबाईंची गाथा आणि महिपतींची संतचरित्रे पुढे इंग्रजीत नेली ती यांनीच. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात शतकाच्या त्या वळणावर त्यांचा शिवरायांवरील निबंध आला. त्यांनी हजारो शिवराया पारखल्या होत्या.

इतक्या कशासाठी? नाणे पाडण्याचा ठसा मोठा असे आणि तांब्याची चकती लहान. त्यामुळे एका नाण्यावर ‘श्री’चा वरचा भाग उमटतो, दुसऱ्यावर ‘शिव’चा शेवट. त्यात हातोहात फिरून झिजलेली अक्षरे. पूर्ण ठसा डोळ्यांपुढे उभा करायचा तर शेकडो नाणी शेजारी शेजारी ठेवावी लागतात. तेव्हाच कळते की कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’, कुठे ‘शीव’. कुठे ‘पति’ ऱ्हस्व, कुठे दीर्घ. आजचे शुद्धलेखनवाले या टांकसाळींना नापास करतील, पण हेच फरक वेगवेगळे ठसे आणि काळ ओळखण्याच्या खुणा आहेत. नाणे चलनात होते म्हणून ॲबट यांना एवढा साठा पाहता आला. पुढे बरीचशी शिवराई तांब्याच्या भावाने भट्टीत गेली.

पुण्याच्या जुन्या बाजारात मी अजूनही शिवराया घेतो. काहींना भोक पाडलेले असते; गळ्यात बांधल्या असतील. ‘ही कुठली?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘अशीच ढिगात आली’ एवढेच उत्तर मिळते. आणि तेच मला खटकते. कारण नाण्यावर टांकसाळ लिहिलेली नसताना, कोणत्या प्रकारची शिवराई कोणत्या भागात जास्त मिळते हाच तिचे मूळ शोधण्याचा एक मार्ग असतो. ढिगात ती वाट बंद होते. भरीला नव्याने पाडलेल्या नकली शिवराया आहेतच.

लोक मात्र विचारतात, ‘याचे किती येतील?’ २०१२ च्या वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात, अशा अफवांनी हे डोके फिरवले आहे. जुन्या नाण्यांच्या नावावर फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेला २०२१ साली द्यावा लागला. साध्या झिजलेल्या शिवराईचे काही लाख येत नाहीत.

तुमच्या देवघरात किंवा आजीच्या डब्यात एखादी असेल, तर चिंच लावून घासू नका. काळपट थराबरोबर अक्षरांची कडही जाते. कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर गावाचे नाव, ती कोणाकडून आली आणि माहीत असल्यास साल, एवढे लिहा.