जात्याचा हिशेब

आपल्याच शिवारातलं खावं, ही चळवळ आजची नाही. डिसेंबर १९३४मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. संघाचं काम जे. सी. कुमारप्पा पाहत. तेव्हा वर्धा आणि आपलं सौंसर-पांढुर्णा एकाच प्रांतात होतं, राजधानी नागपूर. मधली सीमा आली ती १९५६मध्ये.

मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, बैलघाण्याचं तेल यांवर काम चाले. कुमारप्पांचं म्हणणं सरळ होतं: गिरणीत तांदळाचा कोंडा जातो, त्याबरोबर कस जातो आणि गावातल्या हातांचं कामही जातं.

आपल्या चौक्यात हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं टिकली. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. म्हणजे दळण थोडं, ताजं आणि घराजवळचं.

पण बायांनो, एक हिशेब राहूनच जातो. ते जातं ओढलं कुणी? पहाटे उठून बाईनंच. त्या श्रमाला ना मजुरी मिळाली, ना कुणी त्याला सेवा म्हटलं. पिठाची गिरणी आली तेव्हा तिचे हात सुटले, हेही खरंच.

२०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. आता महिला मंडळानं ज्वारी, तूर, जवस ओळखीच्या शेतकऱ्याकडून एकत्र घ्यावं, निवडण्या-दळण्याच्या पाळ्या लावाव्या. आणि पाळीच्या वहीत घरच्या पुरुषांचीही नावं लिहावी.