वेब सेवांच्या दारावरील पहारा

बँका, विमा कंपन्या, विमानांच्या आरक्षण यंत्रणा यांचे संगणक एकमेकांशी व्यवहार करतात ते वेब सेवांमार्फत. बाहेरून आलेली विनंती थेट मुख्य संगणकावर जाऊन धडकू नये, म्हणून मध्ये ‘गेटवे’ उभारलेला असतो. विनंती करणारा कोण, त्याला काय मागण्याचा अधिकार आहे आणि किती वेळा, याविषयी गेटवेला घालून दिलेले नियम म्हणजे ‘पॉलिसी’. हे नियम लिहिणे फारसे कठीण नाही. ते खरोखरच पाळले जातात का, हे तपासणे कठीण, आणि तेच बहुधा घाईत उरकले जाते.

नियम लिहिताना क्रमाला फार महत्त्व असते. ‘बिलियन लाफ्स’ या जुन्या हल्ल्यातील एक्सएमएल संदेश जेमतेम एक किलोबाइटचा असतो. त्यातील व्याख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. प्रत्येक पायरीवर दहापट होत त्या उलगडू लागल्या, की एका क्षुल्लक शब्दाच्या शंभर कोटी प्रती तयार होतात आणि सुमारे तीन गिगाबाइट स्मृती व्यापली जाते. आकाराची मर्यादा येथे निरुपयोगी, कारण संदेश मुळात लहानच. अशा व्याख्या असलेला संदेश न उलगडताच परत पाठवणारा नियम हवा. आणि तो डिजिटल स्वाक्षरीच्या पडताळणीआधी हवा.

चाचणीत योग्य विनंतीला योग्य उत्तर मिळाले, की अनेकजण समाधान मानतात. त्याने दार उघडते एवढेच कळते. ते बंद होते की नाही, हे कळत नाही. ओळखपत्राविना केलेल्या विनंतीला ४०१ हा संकेत मिळतो का? स्वतःचे ओळखपत्र वैध, पण खातेक्रमांक दुसऱ्याचा, अशा विनंतीला ४०३ मिळतो का? मर्यादेबाहेर विनंत्या केल्यास ४२९ येतो का? संकेत आला तरी आतल्या संगणकाची नोंदवहीही पाहावी लागते. नकार कळवूनही विनंती आत पोहोचली असेल, तर तो नकार नावापुरताच. गेटवेला वळसा घालून आतल्या संगणकाच्या पत्त्यावर थेट विनंती पाठवून पाहणे, ही चाचणी तर सर्रास विसरली जाते.

ऑस्ट्रेलियातील ऑप्टस या दूरसंचार कंपनीतून सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे ९५ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. तेथील दूरसंचार नियामकाने २०२४ मध्ये न्यायालयात मांडलेल्या बाजूनुसार, प्रवेश-नियंत्रणातील एक चूक २०१८ पासून होती. २०२१ मध्ये ती मुख्य पत्त्यावर दुरुस्त झाली. वापरात नसलेल्या, पण इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या दुसऱ्या पत्त्यावर मात्र तशीच राहिली. म्हणूनच चाचणीची यादी करताना चालू सेवांबरोबरच निवृत्त झालेल्या सेवांचे पत्तेही तीत धरावे लागतात, आणि नियमात एका ओळीचा बदल झाला तरी ती सारी यादी पुन्हा चालवावी लागते.