मृत्युशय्येवरील सही

काही वर्षांपूर्वी एका रात्री एका वृद्धेला तैलाभ्यंग देण्यासाठी आम्हांला बोलावणे आले. खाटेच्या एका अंगाला आम्ही पवित्र तेल घेऊन उभे होतो. दुसऱ्या अंगाला तिचा एक आप्त मुद्रांकाचा कागद घेऊन उभा होता. ‘‘फादर, तुमच्यासमोर अंगठा उमटला तर कुणी शंका घेणार नाही,’’ असे तो हलकेच म्हणाला. आम्ही नकार दिला. पुढे वाडीच्या तुकड्यावरून कज्जा उभा राहिला आणि म्हातारीच्या महिन्याच्या मिस्सेला तिची माणसे दोन बाजूंच्या बाकांवर बसली. त्या रात्री परतताना एक विचार मात्र आम्हांला बोचत राहिला. तो कागद आमच्या चर्चच्या नावे असता, तर आम्ही तितक्याच तत्परतेने नकार दिला असता काय?

हा प्रश्न कायद्याच्या इतिहासात शतकानुशतके विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर आम्हां धर्मगुरूंना फारसे सुखावणारे नाही.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२७९ साली मठांना व चर्चसंस्थांना जमिनी देण्यावर निर्बंध घातला. व्यक्ती मरते, वारस येतो, आणि प्रत्येक वेळी जमीनदाराला आपला हक्काचा दाम मिळतो. संस्था मात्र मरत नाही. तिच्या हाती गेलेली जमीन पुन्हा सुटत नाही, म्हणून अशा मालकीला ‘मृतहस्त’ हे नाव पडले. तेथे चिंता राजाच्या आणि सरदारांच्या उत्पन्नाची होती. मरणाऱ्या माणसाची नव्हे.

१७३६ च्या कायद्यात ही दुसरी चिंता प्रकट झाली. मरणोन्मुख माणूस परलोकाच्या भयाने किंवा भोवतालच्यांच्या आग्रहाने घरदार धर्मादायाला देऊन टाकतो आणि त्याचे वारस उघड्यावर पडतात, असे कायदेकर्त्यांचे म्हणणे होते. म्हणून धर्मादायासाठी जमीन द्यायची तर तिचे खत मृत्यूपूर्वी किमान बारा महिने, दोन साक्षीदारांसमोर झालेले असावे आणि सहा महिन्यांच्या आत नोंदले जावे, असा दंडक घालण्यात आला. सरळ शब्दांत सांगायचे तर, पुरोहिताला मृत्युशय्येपासून एक वर्ष दूर उभे करण्यात आले.

हाच दंडक १८६५ च्या भारतीय वारसा कायद्यातून आपल्या देशात आला आणि १९२५ च्या कायद्यात कलम ११८ म्हणून कायम राहिला. इंग्लंडात तो मुख्यतः जमिनीपुरता होता. येथे तो सर्व मालमत्तेला लागू झाला. ज्याला पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, त्याने धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी काही ठेवायचे असेल तर मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने केलेले असावे आणि सहा महिन्यांच्या आत ते कायद्याने नेमलेल्या सुरक्षित ठिकाणी जमा केलेले असावे. एखाद्या निवृत्त शिक्षकाने जानेवारीत अनाथालयासाठी चार पैसे लिहून ठेवले आणि ऑक्टोबरात तो देवाघरी गेला, तर ते दान रद्द ठरे. हे बंधन हिंदू वा मुस्लिम बांधवांवर नव्हते, आणि १९९१ च्या दुरुस्तीने पारशी समाजही त्यातून मुक्त झाला. इंग्लंडने आपला मृतहस्ताचा कायदा १९६० सालीच मोडीत काढला होता; तरी भारतीय ख्रिस्ती माणूस त्याच्या सावलीत उभाच होता.

अखेर केरळचे एक धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. जुलै २००३ मध्ये सरन्यायाधीश खरे यांच्या पीठाने हे कलम घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाशी विसंगत म्हणून रद्द केले. मृत्यू केव्हा येईल हे माणसाच्या हाती नसते. मग बारा महिन्यांच्या अटीला अर्थ काय, हा त्यातील बिनतोड मुद्दा होता. आम्हां सर्वांना त्या निकालाचा आनंद झाला. परंतु कुंपण निघाले म्हणून मोह निघून जात नाही. पूर्वी कायदा जे आमच्याकडून सक्तीने करवून घेत असे, ते आता आम्ही स्वेच्छेने केले पाहिजे. आजाऱ्याच्या खोलीत तेल आणि प्रार्थना न्यावी; देणगीचा विषय उंबऱ्याबाहेर ठेवावा. त्याच कायद्याचे कलम ६१ आजही लागू आहे. फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाची स्वतंत्र इच्छाच हिरावून घेणारा आग्रह, यांतून झालेले मृत्युपत्र त्यानुसार निरर्थक ठरते. ‘आग्रह’ हा शब्द आपण पाहुणचाराच्या संदर्भात कौतुकाने वापरतो. मृत्युशय्येपाशी त्याचा अर्थ पार बदलतो.

आता दुसरी बाजू. चर्चपासून वृद्धाचे रक्षण करणाऱ्या कायद्याने त्याला वारसांच्या हाती सुरक्षित मानले होते. जमिनीला भाव आला आणि तो विश्वासही डळमळला. ‘‘मुलाच्या नावे करून टाकले, आता मीच पाहुणी झाले,’’ हे उद्गार आम्ही एकाहून अधिक माउल्यांच्या तोंडून ऐकले आहेत. संसदेने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला. सांभाळ करण्याच्या अटीवर साठ वर्षांवरील व्यक्तीने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर कलम २३ अन्वये तो व्यवहार न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतो. मात्र अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असणे केव्हाही बरे. चौथी आज्ञा ज्या घरात पुरेशी ठरत नाही, तेथे कलम लागते, ही खेदाची गोष्ट आहे. पण कलम आहे हे माहीत असावे.

बक्षीसपत्राने मालकी आजच जाते. मृत्युपत्राने ती आपल्या मरणानंतर जाते, आणि तोवर ते कितीदाही बदलता येते. हा एवढा भेद ठाऊक नसल्याने कितीतरी वृद्ध स्वतःच्या घरात परके झाले. मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्ष केली, तर त्याला ठेवलेला वाटा बुडतो. मृत्युपत्रानंतर लग्न केल्यास ते आपोआप रद्द होते, हे पुनर्विवाह करणाऱ्या विधुरांनी ध्यानात ठेवावे. गोव्यातील बांधवांची गोष्ट निराळी. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून मालमत्तेचा ठरावीक वाटा जवळच्या वारसांसाठी राखीव राहत आला आहे.

मृत्युपत्र म्हाताऱ्यांनीच करावे, हाही गैरसमज होय. मृत्युपत्र न करता विवाहित मुलगा वारला, तर आपल्या कायद्याने एक तृतीयांश विधवेला आणि दोन तृतीयांश मुलामुलींना समान मिळते. त्याच्या वृद्ध आईला काहीच मिळत नाही. तिच्यासाठी त्यानेच लिहून ठेवले पाहिजे. विम्याचेही तसेच. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यानुसार पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी व मुलांच्या हितासाठी म्हणून उतरवला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते आणि सावकाराला तिला हात लावता येत नाही. हे संरक्षण आपल्या समाजाला आरंभापासून लाभले. इतर अनेक समाजांना ते विसाव्या शतकात मिळाले. तरी त्याचा लाभ घेणारे आम्ही क्वचितच पाहिले.

येशूपूर्वी सुमारे दोनशे वर्षे यरुशलेमेत सिराखने आपल्या ग्रंथाच्या तेहेतिसाव्या अध्यायात याच विषयावर उपदेश केला होता. जिवंतपणी पुत्र, पत्नी, बंधू वा मित्र कुणाच्याही हाती आपला ताबा देऊ नये. वाटणी व्हावी ती आयुष्याच्या शेवटी, असा त्याचा आशय. तो निष्ठुरपणाचा नव्हे. आपल्या माणसांना मोहात न पाडण्याचा सल्ला आहे. म्हणून धर्मग्रामातील थोरामोठ्यांना आमची विनंती आहे: हात थरथरत नाही तोवर, वकिलाला विचारून, मुलांना सांगून हे काम उरकून टाका. मग आम्हांला बोलावणे येईल, तेव्हा तुमच्या खाटेपाशी फक्त तेल असेल, प्रार्थना असेल आणि एकाच बाजूला उभी असलेली तुमची माणसे असतील.