रामन परिणाम आणि पेट्रोरसायन उद्योग

वैज्ञानिक शोधाच्या इतिहासात शोधाच्या दिवसास महत्त्व मिळते. तो शोध उद्योगाच्या उपयोगी पडेपर्यंत लोटलेल्या काळाची मीमांसा मात्र क्वचितच होते. रामन परिणामाच्या बाबतीत हा काळ सुमारे साठ वर्षांचा आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१०-११ च्या सुमारास अर्थखात्याचे अधिकारी म्हणून नागपुरास होते. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास, के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने, प्रकीर्ण प्रकाशाच्या अल्पांशाची तरंगलांबी बदलते हे त्यांनी दाखवून दिले. हा बदल रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असल्याने प्रत्येक द्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. आरंभी अभ्यासिलेल्या द्रवांत बेंझीन होते. पेट्रोरसायन उद्योगाचे एक आधारद्रव्य अशा रीतीने या पद्धतीस प्रारंभापासूनच परिचित होते.

तथापि पारद-दीपाच्या प्रकाशात असा वर्णपट छायापट्टीवर उमटण्यास कित्येक तास लागत. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबर व विमानी इंधन यांच्या पृथक्करणासाठी अवरक्त वर्णपटमापन पुढे आले आणि रामन पद्धती मागे पडली. तुर्भे येथील दोन तेलशुद्धीकरण कारखाने (१९५४ व १९५५) आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील पेट्रोरसायन उद्योग हे या उतरणीच्या काळानंतर उभे राहिले. १९६० मध्ये लेसर निर्माण झाला; त्यानंतर प्रकाशतंतू व संवेदनशील शोधक उपलब्ध झाले, तेव्हा कोठे कारखान्यातील वाहत्या द्रवाचे मापन मिनिटांत शक्य झाले.

झायलीनच्या समघटकांचे उदाहरण बोलके आहे. पॅरा-झायलीन सुमारे १३८ अंशांस, तर मेटा-झायलीन १३९ अंशांस उकळते. ऊर्ध्वपातनाने ती वेगळी होणे दुष्कर. त्यांच्या रामन-रेषा मात्र अनुक्रमे ८३० व ७२५ प्रतिसेंटिमीटर यांच्या आसपास, म्हणजे स्पष्टपणे दूर असतात. फ्रेंच पेट्रोलियम संस्थेने १९९० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या पॅरा-झायलीन विलगीकरणाच्या प्रक्रियेत म्हणूनच नियंत्रणासाठी या पद्धतीचा अवलंब झाला. गडद खनिज तेलाच्या बाबतीत मात्र प्रतिदीप्ती क्षीण रेषांना झाकून टाकते. ही मर्यादा अद्याप पूर्णतः दूर झालेली नाही.

सारांश, या विलंबास सिद्धांताची उणीव कारण नव्हती. उणीव होती ती प्रखर, एकवर्णी प्रकाशाची व तो टिपणाऱ्या साधनाची. शोधाचा इतिहास साधनांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.